कारण समजू शकले नाही

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जाते. तालुक्याच्या पानावर, आतल्या कोपऱ्यात, चार-सहा ओळींच्या बातमीच्या शेवटी ते येते: ‘आत्महत्येचे नेमके कारण समजू शकले नाही.’ वाचणारा पान उलटतो. पुढच्या पानावर उसाचा पहिला हप्ता असतो, नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन असते, उजनीच्या पाण्यावरून झालेली सभा असते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की बेलवाडीच्या रिंगणाचे छायाचित्र असते. या सगळ्याचे कारण वार्ताहराला पक्के ठाऊक असते. त्या चार ओळींचे मात्र नसते. किंवा असते, पण छापता येत नाही.

आमच्या भागातले एक जुने वार्ताहर मला एकदा म्हणाले होते, “सर, कारण समजले नाही असे आम्ही लिहितो तेव्हा निम्म्या वेळा ते गावाला समजलेले असते.” घरची अब्रू असते, मुलीच्या बहिणीचे लग्न ठरायचे असते, पोलीस पाटील समोर बसलेला असतो. आणि दोन मुलींचा किंवा दोन मुलांचा एकमेकांवर जीव होता, हे लिहायला त्या कॉलमात शब्दच नसतो. जो शब्द असतो तो पोलिसांच्या कागदातला: ‘अनैसर्गिक’. म्हणजे असे प्रेम आपल्या वर्तमानपत्रांत फार काळ दोनच वाटांनी आले. एक गुन्ह्याच्या वाटेने, दुसरी कारण न समजलेल्या मृत्यूच्या वाटेने.

आजच्या भाषणात मला एवढेच पाहायचे आहे की ज्यांनी दिवसा अशा बातम्या लिहिल्या, संपादित केल्या, त्यांच्यापैकी कुणी हे कारण दुसऱ्या कागदावर लिहिले का. परदेशात आज असे पत्रकार आहेत, की जे दिवसा वृत्तपत्राचे काम करतात आणि रात्री पुरुषांच्या प्रेमाच्या रंजक कादंबऱ्या लिहितात. त्या कादंबऱ्यांचा वाचक वेगळा, त्यांचे प्रकाशक वेगळे. मराठीत नेमका असा माणूस मला दाखवता येणार नाही. पण त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला, आणि तो साधासुधा नव्हता. त्यांचे नाव विजय तेंडुलकर.

तेंडुलकर नाटककार म्हणून सर्वांना माहीत आहेत. पोटापाण्याला ते दीर्घकाळ पत्रकार होते, हे आपण विसरतो. १९२८ चा जन्म. १९४२ च्या चळवळीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा वर्तमानपत्रांत त्यांनी काम केले. उपसंपादकाच्या टेबलावर दिवसभर काय येते? अपघात, बलात्कार, दंगल, जळालेल्या सुना. या सगळ्याला शीर्षक द्यायचे, ओळी कापायच्या आणि पान वेळेत सोडायचे. माणसाच्या आयुष्यातला सर्वात भयंकर दिवस सहा ओळींत बसवण्याचा हा धंदा आहे. उरलेल्या ओळी कुठे जातात? तेंडुलकरांच्या बाबतीत त्या नाटकांत गेल्या, असे मला वाटते. ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम छापखान्यात बाइंडिंग करणारा आहे, हे मला त्यामुळेच योगायोगाचे वाटत नाही. छापलेल्या कागदाच्या मागे उभी असलेली माणसे तेंडुलकरांनी जवळून पाहिली होती.

१९८१ हे वर्ष या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी त्यांची दोन नाटके आली. एक ‘कमला’. ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी बाजारातून एक बाई विकत घेऊन माणसांच्या खरेदी-विक्रीची बातमी फोडली होती. त्या घटनेवरून हे नाटक सुचले. त्यातला जयसिंग जाधव हा पत्रकार बाईला विकत घेऊन पत्रकार परिषदेत उभी करतो. बातमी मोठी होते आणि बाईचे कुणीच काही विचारत नाही. पत्रकारितेने पत्रकारितेची घेतलेली ही झडती होती.

दुसरे नाटक ‘मित्राची गोष्ट’. विनय आपटे यांनी ते बसवले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात मित्राची भूमिका केली. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, महायुद्धाचा. ठिकाण कॉलेजचे. सुमित्रा देव ही मुलगी, जवळचे लोक तिला मित्रा म्हणतात. कॉलेजच्या एका नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, नायिकेचे काम नमा करते. नाटक संपते, पण मित्राच्या मनातले नाटक संपत नाही. नमावर तिचा जीव जडतो. नमाच्या मागे मन्या दळवी लागलेला असतो. आणि या सगळ्याचा साक्षीदार बापू, मित्रावर मनातून प्रेम करणारा साधा, भिडस्त मुलगा. त्याच्या खोलीत त्या दोघी भेटतात. ही गोष्ट तोच आपल्याला सांगतो. शेवटी मित्रा जीव देते.

आता त्या चार ओळींच्या बातमीशी हे ताडून पाहा. कॉलेजात शिकलेल्या तरुणीची आत्महत्या, कारण समजू शकले नाही. बातमी इथे संपली असती. तेंडुलकरांनी जिथे बातमी संपते तिथून उलटे चालायला सुरुवात केली. बापू हा त्या अर्थाने बातमीदारच आहे. त्याला कारण समजलेले आहे आणि ते सांगितल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही.

मी स्वतः कविता लिहितो, गझल लिहितो, त्यामुळे माझे लक्ष या नाटकाच्या नावावर खिळते. आपली भाषा लिंगाच्या बाबतीत मोठी चहाडखोर आहे. इंग्रजीत माणूस ‘मी आलो’ म्हणाला की ‘मी आले’ म्हणाली हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘मी’ म्हटल्याबरोबर क्रियापद सांगून टाकते की बोलणारा बाई आहे की बुवा. इथे लपायला जागा नाही. पण ‘मित्राची गोष्ट’ म्हणताना तेंडुलकरांनी ती जागा शोधली. मित्र या पुल्लिंगी शब्दाला षष्ठी लावली तरी ‘मित्राची’, आणि मित्रा या मुलीच्या नावाला लावली तरी ‘मित्राची’. दोन शब्द, दोन लिंगे, रूप एकच. जाहिरातीत नाव वाचणाऱ्याला वाटावे, असेल कुणा मित्राची गोष्ट. आत गेल्यावर कळावे, ही मित्रा आहे.

उर्दू गझलेच्या वाचकाला हा प्रकार नवा नाही. जुन्या गझलेत शायर पुरुष आणि माशूकही व्याकरणाने पुल्लिंगी. ‘तो आला, तो रुसला, तो गेला’ असेच क्रियापद येते. कुणी म्हणते हा पडद्याचा रिवाज, स्त्रीचे नाव उघड घ्यायचे नाही म्हणून. कुणी म्हणते माशूक म्हणजे परमेश्वर, आणि त्याला लिंग कसले. कुणी म्हणते, अनेक शेर सरळ तरुण मुलालाच उद्देशून आहेत. मीर तकी मीर यांच्या काव्यात तर हे उघडपणे दिसते. तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, हीच त्या काव्याची सोय होती. सोय म्हणजे आडोसा. ज्याला जे समजून घ्यायचे ते त्याने घ्यावे.

हे केवळ उर्दूतच आहे असे मानायचे कारण नाही. आपल्या दारावरून दरवर्षी जी दिंडी जाते तिच्याकडे कान देऊन ऐका. ज्ञानदेवांच्या विरहिणी आहेत, गौळणी आहेत. पुरुष संत बाई होऊन बोलतो, त्या सावळ्यासाठी झुरतो, आणि तेच शब्द हजारो पुरुष भर रस्त्यात टाळ वाजवून गातात. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. वाटूही नये. मला त्या भक्तीला दुसरे नाव द्यायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे की प्रेमाच्या भाषेत लिंगाची अदलाबदल ही या मातीला परकी गोष्ट नाही. परकी वाटू लागली ती कोर्टाच्या भाषेमुळे. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली आणि तिच्यात ३७७ वे कलम घातले. तेव्हापासून या विषयाला कवितेत आडोसा राहिला, पण कचेरीत तो गुन्हा झाला.

वर्तमानपत्र आणि मासिक यांची अडचण नेमकी इथे होती. छापील शब्द कचेरीच्या टप्प्यात येतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवले. वाचक त्यांना खाजगीतले प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली तो उच्च न्यायालयात चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला ते हरले. पण महाराष्ट्रात या प्रश्नावर न्यायालयात बोलले गेले ते असे, आणि बोलणारे वकील कोण होते, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळक अक्षरात यायला हवे होते.

हिंदीत तर एका पत्रकारानेच गोष्टी लिहिल्या. पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ हे कलकत्त्याच्या ‘मतवाला’ साप्ताहिकात लिहीत. १९२४ साली त्यांनी पुरुषांच्या आपसांतील आकर्षणावर कथा छापायला सुरुवात केली. १९२७ साली त्यांचे ‘चॉकलेट’ नावाचे पुस्तक झाले. आपण या व्यसनाचा निषेध करतो आहोत, असे उग्र सांगत. पण निषेध करता करता त्या माणसांच्या तोंडी शेर येत, त्यांचे झुरणे येत असे. वाचक काय घेणार ते वाचकाच्या हाती. ‘विशाल भारत’चे संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनी याला ‘घासलेटी साहित्य’ म्हणून मोहीम उघडली. पत्रकाराने लिहिले, पत्रकारानेच झोडपले. म्हणजे ज्याला या विषयावर गोष्ट लिहायची, त्याने तिला निषेधाचे कातडे पांघरायचे, हा त्या काळचा दंडक होता.

मराठीत हे कातडे प्रथम भिरकावले ते चंद्रकांत खोत यांनी. ‘अबकडई’ या दिवाळी अंकाचे हे संपादक मुंबईच्या गिरणगावातले. १९७० साली त्यांची कादंबरी आली, नाव ‘उभयान्वयी अव्यय’. पुरुषांचे पुरुषांशी असलेले संबंध तिच्यात आले आणि मराठी वाचक दचकला. पुन्हा नावाकडे बघा. शाळेत शिकलेला व्याकरणातला शब्द. उभयान्वयी अव्यय म्हणजे दोन शब्दांना किंवा दोन वाक्यांना जोडणारा शब्द, ‘आणि’, ‘व’. आणि अव्यय म्हणजे ज्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. खोतांच्या धीटपणाबद्दल पुष्कळ बोलले गेले. या नावातल्या सूक्ष्म बुद्धीबद्दल फारसे कुणी बोलले नाही.

तरीही खोत काय किंवा तेंडुलकर काय, एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही. ज्यात दोघे एकमेकांना भेटतात, अडचणी येतात, आणि शेवटी दोघे एकत्र राहतात, अशी साधी प्रेमकथा. स्त्री-पुरुषांच्या बाबतीत अशा कथा आपण ढिगाने वाचल्या. एसटी स्टँडवरच्या बुक स्टॉलवर, फिरत्या वाचनालयात, दुपारच्या निजेआधी. त्यांना आपण हलके साहित्य म्हणतो. पण हलके साहित्य एक फार जड काम करते. ते वाचणाऱ्याला सांगते की तुझ्यासारख्या माणसाची गोष्ट सुखात संपू शकते. हे ज्याला कधीच कुणी सांगितलेले नाही, त्याचे काय होत असेल याचा विचार करून पाहा.

हा विचार एका इंग्रज लेखकाने केला होता, आणि त्याचे मराठी माणसांशी नाते आहे. ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली माळव्यातल्या देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. त्याआधीच, १९१३-१४ च्या सुमारास, त्यांनी ‘मॉरिस’ नावाची कादंबरी लिहून ठेवली होती. तिच्यात दोन पुरुष प्रेमात पडतात आणि एकत्र राहायला निघून जातात. शेवट सुखाचाच हवा, निदान कादंबरीत तरी या दोघांनी कायम एकत्र राहावे, असा त्यांचा आग्रह होता. याच आग्रहापायी पुस्तक छापता येईना. नायकाने गळफास घेतला असता तर समाजाने कदाचित खपवून घेतले असते. दोघे सुखी झाले हे खपण्यासारखे नव्हते. इंग्लंडचा कायदा १९६७ साली बदलला, फॉर्स्टर १९७० साली वारले आणि ‘मॉरिस’ १९७१ साली प्रसिद्ध झाली. सुखाचा शेवट लिहून झाल्यावर तो छापायला सत्तावन्न वर्षे लागली.

आपल्याकडे नव्या शतकाच्या आरंभी दारे थोडी किलकिली झाली, आणि ती पुण्यात झाली. २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना केली. २००५ साली त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आली. व. पु. काळे यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या होत्या. आता दुसऱ्या मुलांनाही एक ‘पार्टनर’ मिळाला. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही इंग्रजी कादंबरी २००३ सालची. तिचा नायक युडी हा मुंबईतला मुक्त पत्रकार आहे आणि त्याचा जीव मिलिंद नावाच्या दलित तरुणावर जडतो. पत्रकाराने अशी कथा लिहायची बाजूलाच राहिली, इथे पत्रकारच कथेचा नायक झाला. प्रेमाच्या आड केवळ लिंग येत नाही, जातही येते, हे रावांनी नेमके हेरले.

२००६ साली मौज प्रकाशनाने सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ काढली. एका घरात भाड्याने राहायला आलेला तरुण, आणि त्या घरातले भाऊ-बहीण दोघेही त्याच्या प्रेमात. तो दोघांनाही सोडून जातो. जेरी पिंटो यांनी २०१३ साली तिचा इंग्रजी अनुवाद केला. जेरी पिंटो हे पत्रकार म्हणूनही ओळखले जातात. मला या कादंबरीतली एक गोष्ट मोलाची वाटते. प्रेमभंग भावाचाही होतो आणि बहिणीचाही होतो, आणि लेखक दोन्ही दुःखे एकाच तराजूत, एकाच वजनाने मोजतो. भावाचे दुःख आजार नाही, बहिणीचे दुःख जास्त पवित्र नाही. आणि त्यातले कुणी जीव देत नाही.

दरम्यान कायद्याचे घड्याळ पुढे-मागे होत राहिले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील राजीखुशीचे संबंध ३७७ मधून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो गुन्हा नाही असे अखेर सांगितले. त्या खटल्यातल्या अर्जदारांत नवतेज जोहर या नर्तकाबरोबर त्यांचे जोडीदार सुनील मेहरा होते, आणि मेहरा हे पत्रकार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिलेला नाही. म्हणजे आज प्रेम गुन्हा नाही, पण त्याला विवाहाच्या नोंदवहीत जागा नाही.

हे सगळे पुण्या-मुंबईचे झाले. बारामती-इंदापूरचे काय, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. शहरात माणसाला गर्दीचा आडोसा असतो. गावात कुणाची मोटारसायकल कुणाच्या वस्तीवर किती वेळ उभी होती हे संध्याकाळपर्यंत पारावर येते. लग्नाचे वय झाले की मामा स्थळे घेऊन येतो. आजवरच्या आपल्या पुस्तकांतली अशी माणसे बहुधा कॉलेजात, फ्लॅटमध्ये, लोकल गाडीत भेटत. उसाच्या बांधावर ती भेटत नसत.

ती भेटली २०२५ साली. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कथा अगदी साधी. वडिलांच्या दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि शेतीत राबणारा त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या. नातेवाईक लग्नाचे विचारतात. आईला मुलाचे मन माहीत आहे. दहा दिवसांचे सुतक, शेरडे, रानातली निवडुंगाची गोड बोंडे, आणि दोघांच्या मनात हळूहळू उमलत जाणारे काहीतरी. मराठी बोली आपल्या इकडच्या घाटावरची. या दोघांतला कुणी मरत नाही. सिनेमा आहे, कादंबरी नव्हे. पण फॉर्स्टरने जो शेवट मागितला होता तो मराठी मातीत मिळाला, तोही कुणा पुढाऱ्याच्या किंवा साहित्य संमेलनाच्या कृपेने नव्हे, तर वाहनचालकाच्या मुलाच्या हातून.

तालुक्याच्या गावात बसून बातम्या पाठवणाऱ्या तरुण मुला-मुलींना यापुढे मी एवढेच सांगेन. बातमीत नाव देऊ नका, घराची अब्रू सांभाळा, तो तुमच्या धंद्याचा धर्म आहे. पण कारण समजले असेल तर ते विसरू नका. बातमीचा कागद निघून गेल्यावर दुसरा कागद घ्या. नावे बदला, गाव बदला, पात्रे स्वतःची घडवा. आणि एवढे सगळे बदलायचेच आहे तर शेवटही बदलून पाहा. त्या दोघांना स्टँडवरून सकाळची पहिली गाडी मिळू द्या. इंदापूरची असो की बारामतीची, ती वेळेवर सुटू द्या.